किल्ली जमा

पावणेएक वाजता त्या ड्रायव्हरची पँट ओली झाली. आधी मांडीवर एक काळपट ठिपका उमटला, मग तो गुडघ्याकडे ओघळत गेला, आणि तो माणूस मात्र खिडकीच्या फळीवर दोन्ही हात टेकवून तसाच उभा राहिला, जे होतंय ते दुसऱ्याच कोणाला होतंय असा. खिडकीची काच थेट जमिनीपर्यंत होती, कंपनीने मोठ्या हौसेने बसवलेली, त्यामुळे आत बसलेल्या तिला सगळं दिसलं, अगदी बुटापर्यंत. तिने झटकन रजिस्टरात डोकं घातलं. अकरा वर्षं गोदामाच्या या गेटवर बसून तिला एक गोष्ट पक्की जमली होती: बघायचं, आणि दिसलंच नाही असा चेहरा करायचा. वर बघितलं तेव्हा त्याने गळ्यातला गेटपास काढून फळीवर ठेवला होता. पट्टा नीट गुंडाळून. "मागे साबणाची पावडर आहे," तो म्हणाला. "उन्हानं तिला काही होत नाही." एवढं बोलून तो वळला आणि रस्त्याच्या दिशेने चालू लागला. पाय जरा फाकवून, ओली पँट मांडीला चिकटू नये म्हणून. त्याची गाडी मागे वजनकाट्यावर उभी होती, अर्धी गेटच्या आत, अर्धी बाहेर. किल्ली तिच्या पाठीमागच्या बोर्डावर, पाचव्या खिळ्यावर.

तिला वाटलं, नळावर जाईल, पँट धुईल, येईल. किल्ली इथे आहे, जाणार कुठे? गेटवरच्या सगळ्यांचंच हे ठरलेलं गणित होतं. गाडी काट्यावर आली की ड्रायव्हरने उतरायचं, किल्ली खिडकीत जमा करायची आणि माल उतरवायचं डॉक मोकळं होऊन नंबर पुकारेपर्यंत जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत उभं राहायचं. पट्टा ओलांडला आणि तेवढ्यात नंबर आला तर नंबर रद्द, गाडी रांगेच्या शेवटी. आत चार डॉकांना लागलेल्या गाड्यांच्या चार किल्ल्या आणि काट्यावरच्या गाडीची पाचवी. किल्ली आपल्या हातात म्हणजे माणूस आपल्या हातात. ड्रायव्हर लोक पाठीमागे तिला किल्लीबाई म्हणतात हे तिला माहीत होतं. तोंडावर ताई म्हणत, बाई म्हणत, लाडात आले की मॅडम. हा म्हातारा ताई म्हणायचा. पन्नाशी उलटलेला, कानांवर केस असलेला, आवाज कधी न चढवणारा. महिन्यातून दोनदा तरी यायचा. त्याचं नाव तिने शंभरदा रजिस्टरात लिहिलं असेल, आणि आता आठवायला गेली तर आठवेना. नंबर आठवला. गाडीचा.

सव्वा वाजला तरी तो आला नाही. नळावर कोणी नव्हतं. वॉचमन रस्त्यापर्यंत जाऊन बघून आला. "बसमध्ये बसला म्हणे," तो म्हणाला. "त्या पलीकडच्या टपरीवाल्यानं बघितलं. मागच्या दारात उभा होता, बसायला नको म्हणाला." बसायला नको म्हणाला. सीट ओली होईल म्हणून. भर रस्त्यात लाखोंची गाडी सोडून जाणारा माणूस परक्या बसची सीट ओली होऊ नये म्हणून उभा राहिला. आणि तळपायाची आग मस्तकाला जावी तशी तिला चीड आली. त्याचीच आधी. अरे, ओरडायचं ना. काच फोडायची. शिव्या द्यायच्या, आईवरून द्यायच्या, मी ऐकून घेतल्या असत्या. नऊ वाजता आलास तेव्हा म्हणालास, ताई, आत जरा जाऊन येऊ का? मी म्हटलं, काका, तुम्हाला माहितीये ना, ड्रायव्हर लोकांना आत नाही. तू म्हणालास, बरं. बरं! अकरा वाजता पुन्हा आलास. लघवीचा त्रास आहे ताई, गोळी चालू आहे, दोनच मिनिटं. मी म्हटलं, माझ्या हातात नाही हो. तरी तू हसलासच थोडा, मला अवघडायला नको म्हणून. आणि तिसऱ्यांदा काही बोललाही नाहीस, नुसतं माझ्या मागच्या दाराकडे बघितलंस, आणि मी मान हलवली. आडवी. गोळ्या घेणाऱ्या माणसाला मी मानेनं नाही म्हटलं, तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

ते दार तिच्या खुर्चीपासून सात पावलांवर होतं. आत पांढऱ्या फरशा, दर पंचवीस मिनिटांनी आपोआप फुसकन वास सोडणारी डबी, हात वाळवायचं यंत्र. दिवसातून चार वेळा ती तिथे जायची आणि अकरा वर्षांत कधी मनात आलं नव्हतं की आपण सात पावलं चालतोय. पूर्वी ड्रायव्हरही जायचे. मग दोन वर्षांपूर्वी वरच्या ऑफिसातून पाहुणे आले, त्यांना पांढऱ्या फरशीवर चिखलाचा बूट दिसला, आणि मॅनेजरने तिला नोटीस टाइप करायला सांगितली. तिनेच केली. अक्षर मोठं हवं म्हणाला, तिने मोठं केलं. चालक व त्यांच्यासोबतच्या व्यक्तींना कार्यालयात प्रवेश नाही. बाहेर एक फायबरची केबिन होती संडासाची, ती वास मारते म्हणून उचलून नेली, दुसरी येणार होती, ती अजून येतेच आहे. ड्रायव्हर भिंतीच्या कडेला जाऊ लागले तर भिंतीवर कॅमेरा लागला. एकाला कॅमेऱ्यात पकडून महिनाभर गेटबंदी केली, त्याचा फोटो छापून याच काचेला आतून चिकटवला. पाठमोरा फोटो. त्याच आठवड्यात कंपनीने गेटवर भलामोठा फलक लावला: ड्रायव्हर पाहिजेत. सन्मानाची नोकरी. स्टेअरिंगवर बसलेला एक गोरागोमटा, दात दाखवणारा माणूस, ज्याने आयुष्यात सायकल तरी चालवली असेल की नाही देव जाणे. हा फलक आणि ती नोटीस यांच्यात पंधरा फुटांचं अंतर. रोज सकाळी ती दोन्हींच्या मधून आत येई आणि तिला कधी हसू आलं नाही की रडू.

मॅनेजर डबा अर्धा टाकून बाहेर आला. तो वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. वाढदिवसाला सगळ्यांना केक आणायचा, तिच्या रजेच्या अर्जाला कधी नाही म्हणाला नव्हता. गेल्या सहा महिन्यांत त्याचे केस पांढरे झाले होते. तीन ट्रान्सपोर्टवाल्यांनी या गेटवर गाड्या पाठवणं बंद केलं होतं, दुकानदार फोनवरून अंगावर येत होते, वरून रोज विचारणा, माल का नाही पोचला. तो कमरेवर हात ठेवून काट्यावरच्या गाडीकडे बघत राहिला. तिच्यामागे आणखी अकरा गाड्या, थेट हमरस्त्यापर्यंत. आत रिकाम्या झालेल्या चार गाड्यांना बाहेर पडता येत नव्हतं, बाहेरच्या भरलेल्यांना आत येता येत नव्हतं. बाटलीच्या तोंडात बूच बसावं तशी ती गाडी बसली होती.

"पळाला म्हणजे?" तो म्हणाला. "किल्ली आहे ना आपल्याकडे?"

"आहे."

"मग पळाला कसा?"

ती किल्ली काढून त्याच्यासमोर धरून उभी राहिली. त्याने ती घेतली, उलटसुलट करून बघितली, जणू तिच्यावर कुठेतरी उत्तर लिहिलेलं असेल, आणि बाहेर गेला. भिंतीच्या हातभर सावलीत ड्रायव्हर ओळीने टेकले होते. तो त्यांच्यासमोर किल्ली हलवत म्हणाला, "चला रे, कोणीतरी घ्या ही गाडी आत. दहा फूट फक्त."

कोणी उठलं नाही. कोणी आकाशाकडे बघितलं, कोणी मोबाइलमध्ये. एक चष्मेवाला ड्रायव्हर होता, उंच, हाडकुळा, त्याने दातांतली काडी काढली. "दुसऱ्याच्या सीटवर बसत नाही साहेब आम्ही."

"अरे, सकाळीच तर तू त्याची गाडी मागे घेऊन दिलीस!"

"सकाळी त्यानं सांगितलं होतं."

"मग आता मी सांगतोय!"

"तुमची सीट असती तर तुमचं ऐकलं असतं," चष्मेवाला म्हणाला, आणि बाकीचे जमिनीकडे बघून हसले. मॅनेजर परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. किल्ली त्याने तिच्या टेबलावर आपटली. "आणि म्हणे ड्रायव्हर मिळत नाहीत. हे असे असतात, मग कोण ठेवील यांना?" हे वाक्य तिने टीव्हीवर ऐकलं होतं, बसमध्ये ऐकलं होतं, रिकाम्या फळ्यांच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून ऐकलं होतं. देशात इतके लाख ड्रायव्हर कमी. पेट्रोलपंप कोरडे, औषधं उशिरा, दुधाची गाडी एक दिवसाआड. आणि मग टाय लावलेले चार लोक गोल टेबलाभोवती बसून सांगायचे, नवीन पिढीला कष्ट नकोत. त्यातल्या एकालाही विचारावं, बाबा, तू सकाळपासून किती वेळा जाऊन आलास? कुठे गेलास? दाराला कडी होती का? एवढं एकच विचारावं आणि मग तोंडासमोरचा माइक त्याच्या घशात घालावा.

मॅनेजर पाणी प्यायला. थंडगार, मशीनचं. पिता पिता त्याच्या डोक्यात काहीतरी आलं, तिला ते त्याच्या चेहऱ्यावर येताना दिसलं. "प्यायलेला होता," तो म्हणाला.

"कोण?"

"तोच. शुद्धीतला माणूस असं करतो का? पँटमध्ये? प्यायलेलाच असणार." आणि मग बोलता बोलता त्याला स्वतःलाच ते पटत गेलं. तीन वाजता वरच्या ऑफिसातून फोन येणार होता. गेट दोन तास बंद का, याचं उत्तर द्यायचं होतं. ड्रायव्हर दारू पिऊन आला, गोंधळ घातला, गाडी सोडून पळाला. सरळ गोष्ट. त्याची कंपनी दंड भरेल, आपल्यावर काही येणार नाही. "तुम्ही एवढंच सांगायचं मॅडम, तोंडाला वास येत होता. बाकीचं मी बघतो. खिडकीत तुम्ही होतात, तुमच्याशिवाय कोणी जवळून बघितलेलं नाही."

"लायसन्स जाईल त्याचं."

"जाऊ दे ना. सोडूनच गेलाय की."

तो आत गेला आणि ती फळीवरच्या गेटपासकडे बघत बसली. फोटोतला माणूस दहा वर्षांनी तरुण होता. सोडून गेला ही एक गोष्ट. प्यायला होता ही दुसरी. पहिलीत माणूस आपल्या पायांनी जातो, दुसरीत त्याला हाकलतात आणि वर शिक्का मारतात. उद्या-परवा पँट वाळल्यावर त्याला वाटलं, दुसऱ्या कोणाची गाडी धरावी, चार घास मिळवावेत, तर कुठल्याही मालकाच्या दारात हा कागद त्याच्या आधी पोचलेला असणार. आणि कागदावर पुरावा कोणाचा? जिने त्याला तीनदा नाही म्हटलं तिचा.

अडीच वाजता घरून फोन आला. वहिनीचा. वहिनी फोनवर हॅलो म्हणत नाही, सरळ सुरुवात करते. "वन्सं, ऐकलंत का, आज पण नाही म्हणे! आम्ही रिक्षा करून गेलो, तिथे जाऊन बसलो, तासाभरानं ती पोरगी येऊन सांगते, पेशंटला शुक्रवारी आणा, डायलिसिसच्या मशीनचं पाणी संपलंय. पाणी नव्हे हो, ते औषधी पाणी, कॅनमधलं. गाडी आली नाही म्हणे. ड्रायव्हर नाही. म्हटलं, अगं, ज्याला घेऊन आलेय तोच ड्रायव्हर आहे, त्याला पाठव आणायला!" एवढं बोलून वहिनी हसली आणि हसता हसता तिचा आवाज फाटला. "आठवड्यातून तीनदाचं दोनदा केलं, आता दोनदाचं एकदा. पाय बघा यांचे, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहतोय. तुमच्या तिथे एवढ्या गाड्या, एक ड्रायव्हर मिळेना का तुमच्या कंपनीला?"

दादाने सत्तावीस वर्षं गाडी चालवली. बाबा गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. तिची फी, तिचे कपडे, तिचं लग्न आणि लग्न मोडून ती परत आली तेव्हा तिचं ताट, सगळं त्या स्टेअरिंगवरून आलं. लहानपणी तिला दादाचं एक कौतुक वाटायचं. तो फेरीवरून आला की दारातच तांब्याभर पाणी एका दमात प्यायचा, मग दुसरा, मग तिसरा, घशाची घाटी वरखाली होताना ती मोजत बसायची. "रस्त्यावर पाणी मिळत नाही का रे दादा?" असं तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "मिळतं गं. पण पाणी प्यायलं की थांबावं लागतं, आणि थांबायचं कुठे?" पहाटे निघाला की संध्याकाळपर्यंत कोरडा. जिथे माल न्यायचा तिथे गेटबाहेर आठ-आठ तास, आत घेत नाहीत, झाडं तोडून भिंती घातलेल्या, म्हणून न पिणं सोपं. पंचेचाळिशीत कमरेत कळा सुरू झाल्या, तो गाडीच्या धक्क्यांना दोष देत राहिला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, दिवसाला पाणी किती पिता, आणि दादा लाजून हसला. लाजून! काही चोरी पकडली गेल्यासारखा. त्या दिवशी घरी येऊन त्याने पोराला समोर बसवलं आणि सांगितलं, स्टेअरिंगला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. पोरगं आता मोबाइल दुरुस्त करतं. चांगलं बोट चालतं त्याचं, चांगला ड्रायव्हर झाला असता. एका घरातून एक असा कमी होतो, शेजारच्या घरातून एक. टीव्हीवरचे लाख असे घराघरातून जमलेले आहेत, कोणी कष्टाला कंटाळून पळालेले नाहीत, बापाने शपथा घालून अडवलेले आहेत.

आणि हे सगळं तिला माहीत होतं. हे तिला घरात माहीत होतं आणि गेटवर माहीत नव्हतं, याची तिला आज लाज वाटली. रोज सकाळी ती दादाच्या पायाला बोट लावून सूज बघायची, डबा भरायची, बस पकडायची आणि इथे येऊन दुसऱ्यांचे दादा उन्हात उभे करायची. तेच हात, तोच दिवस. दादाचं औषधी पाणी कुठल्यातरी गेटवर अडकलं असेल. तिथेही एक खिडकी असेल, तिथेही कोणीतरी अशीच बसली असेल, केसांना तेल लावून, पेनाला टोपण लावून, माझ्या हातात नाही हो म्हणत.

"फोन दे इकडे," मागून दादाचा आवाज आला. "काय गं, जेवलीस का?"

तिने सांगितलं. सगळं, कुजबुजत, तोंडावर हात धरून. सगळं ऐकून दादाने एकच विचारलं.

"किल्ली मागितली त्याने परत?"

"नाही."

"मग नाही यायचा तो." आणि वर, "बरं केलं त्याने. मला नाही जमलं."

"तुला काय नाही जमलं?"

"तुला आठवतं, एकदा मी सीटचा टॉवेल धुवायला आणला होता. पाण्याची बाटली सांडली म्हटलं. तू हसली होतीस, दादाला बाटली धरता येत नाही म्हणून."

तिला आठवलं. अंगणातला दगड, निळा टॉवेल, ती अकरा-बारा वर्षांची, पोट धरधरून हसलेली. दादा टॉवेल पिळत होता, पुन्हा साबण लावत होता, पुन्हा पिळत होता. आणि तिच्या आता लक्षात आलं की जो माणूस रस्त्यावर पाणीच पीत नव्हता त्याच्याकडे सांडायला बाटली आली कुठून? तीस वर्षं तिला हा प्रश्न पडला नव्हता.

"दादा, साहेब म्हणतात, प्यायलेला होता म्हणून सांग."

"माझ्याबद्दलही तेच म्हणाले होते," दादा म्हणाला. "गेटवरच्या माणसाने लिहूनही दिलं. मालक ओळखीचा होता म्हणून मिटलं, नाहीतर तुझं शिक्षण तिथेच संपलं होतं." तो खोकला. "ठेवतो. तुझी वहिनी फोनच्या बिलाची काळजी करतेय."

तीन वाजता मॅनेजरने तिला आत बोलावलं. फोन टेबलाच्या मध्यभागी, आवाज मोठा करून ठेवलेला, भोवती ती, तो आणि दारात वॉचमन. एसी इतका गार की तिच्या दंडावर काटा आला. फोनमधला माणूस मऊ आवाजात बोलत होता, एक-दोनदा तर ताई म्हणाला. मॅनेजरने सगळं सांगून टाकलं, दारू, गोंधळ, पळणं, आणि मग म्हणाला, "आमच्या मॅडमनी स्वतः बघितलंय. सांगा मॅडम."

"प्यायलेला नव्हता," ती म्हणाली.

मॅनेजरने तिच्याकडे बघितलं. रागाने नव्हे, घोटाळ्यात पडल्यासारखं.

"त्याला लघवी लागली होती. नऊ वाजल्यापासून. तीनदा विचारलं त्याने. आपल्याकडे सोय नाही आणि जाऊ देत नाहीत. म्हणून पँटमध्ये झाली. मग तो गेला. दारूचा वास नव्हता, कसलाच वास नव्हता. नंतर आला तो लघवीचा, आपल्या खिडकीखालचा."

मग तो मऊ आवाज म्हणाला, "हे जरा तुम्ही तिथे आपसात नीट ठरवून घ्या. लेखी एकच काय ते पाठवा." आणि फोन बंद झाला. एवढंच. ती इतकं बोलली, आणि पलीकडच्या माणसाने ते टेबलावर सांडलेल्या चहासारखं पुसून टाकलं.

"मॅडम, दगदग झालीये तुम्हाला," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही आज घरी जा. उद्याचं उद्या बघू. वॉचमन सही करेल."

वॉचमन चपलेच्या अंगठ्याकडे बघत होता. "मी लांब होतो साहेब."

"वास लांबून पण येतो."

"माझी दोन वर्षं राहिलीत हो," वॉचमन तिला म्हणाला, साहेबांना नव्हे. जणू तिनेच त्याला धरलं होतं. आणि तिला कळलं की तो करणार सही. त्याच्यावर चिडायला गेली तर चिडताही येईना, कारण तो तिच्याच आवाजात बोलत होता. माझ्या हातात नाही हो.

ती खिडकीत आली. पर्स घेतली, परत ठेवली. मग गेटचं रजिस्टर ओढलं. पानांवर छापील आकडे, पान फाडता येत नाही, खाडाखोड केली तर दिसते. अकरा वर्षांत तिने एक आकडा चुकवला नव्हता, आणि वर काय पाठवायचं ते मॅनेजर ठरवत असला तरी गाडी आली-गेली याचा खरा कागद हाच, भांडण झालं की दोन्हीकडचे वकील हाच मागतात. तिने त्या गाडीच्या ओळीत, शेरा या रकान्यात, बारीक अक्षरात लिहायला सुरुवात केली. रकाना संपला तेव्हा खालच्या ओळीत लिहिलं, तीही संपली तेव्हा आणखी खाली. मग रजिस्टर छातीशी धरून ती बाहेर आली. ऊन अंगावर कोसळलं. ड्रायव्हर उठले नाहीत, पण बोलणं थांबलं.

"साहेब लिहून पाठवतायत की तो प्यायलेला होता," ती म्हणाली. "मी इथे वेगळं लिहिलंय. तुम्ही सगळे सकाळपासून इथे होतात. सही कराल का?"

एकाने तंबाखू थुंकली, तिच्यापासून लांब, पण फार लांब नाही. तिला एकदम सुचलं आणि ती मागे वळून काचेचं दार ढकलून, पाठीने धरून उभी राहिली. "हे बघा, आधी जाऊन या. जा ना. मी सांगते. कोणी अडवणार नाही."

"राहू द्या, किल्लीबाई," सावलीतून कोणीतरी म्हणालं. अकरा वर्षांत पहिल्यांदा तोंडावर. "आता नाही लागली."

ते खरं नव्हतं. पहाटेपासून आलेली माणसं. पण ती सगळी तशीच बसून राहिली, मांड्या आवळून, ऊन गिळत, आणि तिला त्यांच्याबद्दल एवढी चीड आली आणि त्याच वेळी एवढं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दया नको होती त्यांना. दोन वर्षं दार बंद ठेवून आज धरून उभी राहिलीस, तर लगेच ओळ लावून आत जायचं? चष्मेवाला मात्र उठला. बूड झटकलं, तिच्याजवळ आला, आणि तिच्या हातातून रजिस्टर घेतलं. चष्मा कपाळावर चढवून, पान डोळ्यांपाशी नेऊन तो मोठ्याने वाचू लागला, बाकीच्यांना ऐकू जावं म्हणून. चालकाने सकाळी नऊ, अकरा आणि पावणेएक वाजता लघवीस जाण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली नाही. चालक दारू प्यायलेला नव्हता. चालक शांतपणे निघून गेला.

वाचून झाल्यावर त्याने चष्मा खाली घेतला.

"परवानगी मागितली कोणाकडे?"

"खिडकीत."

"खिडकी तर काचेची आहे," तो म्हणाला. "काच काय सांगणार? यात आमचा माणूस आहे, गाडी आहे, वेळ आहे, साबणाची पावडर पण आहे वरच्या ओळीत. तुम्ही कुठे आहात?"

तिने पानात डोकावून बघितलं. खरंच नव्हती. तीन ओळींत ती कुठेच नव्हती. दोन वर्षांपूर्वीची नोटीस जशी हवेतून आली होती तसंच हेही हवेतून आलेलं, खरं, सगळं खरं, आणि त्यात तिचा केससुद्धा नाही. कोर्टात कोणी वाचलं असतं तर म्हणालं असतं, किती प्रामाणिक बाई. दार तिच्या पाठीवर दाबत होतं. आतून मॅनेजर ओरडत होता, एसी बाहेर जातोय, दार लावा. तिने तिथेच, गुडघा वर घेऊन, गुडघ्यावर रजिस्टर ठेवून लिहिलं. तिन्ही वेळा मी नाही म्हटलं. आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट, जसं शाळेच्या दाखल्यावर आहे तसं. अक्षर वाकडं आलं.

चष्मेवाल्याने पेन घेतलं. सही केली, शेजारी लायसन्सचा नंबर घातला. "या गेटवर तुम्हाला पुन्हा घेणार नाहीत," ती म्हणाली. तिला सांगावंसं वाटलं, निदान हे तरी.

"न घेऊ देत. गेटं पुष्कळ आहेत, बाई," तो म्हणाला. "ड्रायव्हर कुठेत?" आणि सावलीत खसखस पिकली. एकेक जण गुडघ्यांवर हात टेकत उठायला लागला. रजिस्टर हातोहात पुढे गेलं, कोणी गाडीच्या बॉनेटवर ठेवून सही केली, कोणी दुसऱ्याच्या पाठीवर. एकाला लिहिता येत नव्हतं. त्याने अंगठ्याला टायरचं काळं लावलं.

मॅनेजर काचेपाशी येऊन पोचला तेव्हा चष्मेवाला तिच्या अंगावरून, तिला न विचारता, तिच्याकडे न बघता आत गेला. पांढऱ्या फरशीवर त्याच्या बुटांचे ठसे उमटत गेले. एक, दोन, तीन.

"ए! ए, कुठे?" मॅनेजर ओरडला.

"मुतायला," तो म्हणाला.